सूत्र कुठून घ्यावे, विचार कुठे करावा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील एफई (फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग, म्हणजे अभियंत्याच्या परवान्याकडे जाणारी पहिली) परीक्षेसाठी मेकॅनिक्स ऑफ मटेरियल्सची (भाराखाली वस्तूंवर येणाऱ्या ताणांच्या शास्त्राची) गणिते कशी सोडवावीत, या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत : ‘हँडबुकातून सूत्र उचला आणि आकडे घाला’ हा सल्ला घोकंपट्टीपेक्षाही वाईट आहे, आणि ज्याला सूत्राची सिद्धता येत नाही त्याने ते वापरूच नये. पहिला आक्षेप मला मान्य आहे. ते वाक्य मी फार सैलपणे लिहिले. दुसरा मात्र पटत नाही.

या परीक्षेत 110 प्रश्नांना 5 तास 20 मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला पुरती तीन मिनिटेही नाहीत, आणि परीक्षा घेणाऱ्या एनसीईईएस या संस्थेचे सूत्रांचे हँडबुक पडद्यावर उघडेच असते. तिथे बेंडिंगचे (वाकण्याचे) सूत्र सिद्ध करत बसणे परवडणारे नाही. आपल्याकडे एसओएमच्या (स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, म्हणजे याच विषयाच्या) पेपरात त्याच सिद्धतेला गुण मिळत, म्हणून ही सवय सुटता सुटत नाही. माझीही सुटायला वेळ लागला.

विचार लागतो तो सूत्राच्या अलीकडे. साध्या आधारांवरील 4 मीटर स्पॅनच्या बीमवर मध्यभागी 12 किलोन्यूटन भार आहे आणि छेद 100 बाय 200 मिलिमीटर आहे, असे समजू. कमाल मोमेंट (भाराचा बीम वाकवणारा परिणाम) 12 किलोन्यूटन-मीटर येतो आणि 200 ची बाजू उभी असेल तर बेंडिंग स्ट्रेस (वाकण्यामुळे येणारा ताण) 18 मेगापास्कल. रुंदी आणि उंची यांची घाईत अदलाबदल झाली, की तोच 36 होतो आणि डिफ्लेक्शन (बीमचा झोळ) चौपट. प्रश्न मी काढला असता, तर पर्यायांत 36 नक्की ठेवला असता.

कॉलममध्ये (उभ्या खांबात) हीच चूक अधिक घातक ठरते. दोन्ही अक्षांभोवती टोकांची स्थिती सारखी असेल, तर बकलिंगच्या (दाबाखाली खांब बाजूला वाकण्याच्या) ऑयलरच्या सूत्रात लहान मोमेंट ऑफ इनर्शिया (छेदाचा वाकण्याला होणारा विरोध दाखवणारी राशी) घ्यावा लागतो. वरच्याच छेदासाठी मोठा घेतल्यास बकलिंगचा भार खऱ्यापेक्षा चौपट दिसतो, म्हणजे चूक नेमकी असुरक्षित बाजूला पडते.

सिद्धतेचा उपयोग मी नाकारत नाही, कारण गृहीतके तिच्यातूनच कळतात : पोलाद यील्ड झाल्यावर (म्हणजे कायमचे ताणले जाऊ लागल्यावर) बेंडिंगचे नेहमीचे सूत्र का चालत नाही, हे नुसत्या सूत्राकडे पाहून उमगत नाही. पण हा अभ्यास परीक्षेच्या काही महिने आधी करायचा, परीक्षेच्या खुर्चीत नव्हे.

लेखातील ते वाक्य काढून तिथे ‘आधी फ्री बॉडी डायग्राम (वस्तू सुटी करून तिच्यावरील सर्व बले दाखवणारी आकृती), मग गृहीतके, मग हँडबुक’ असे लिहिले आहे. पातळ भिंतीच्या प्रेशर व्हेसलचे (आत दाब असलेल्या टाकीचे) एक उदाहरणही जोडले आहे, कारण भिंतीची जाडी आतील त्रिज्येच्या एक दशांशाहून बरीच जास्त असतानाही पातळ भिंतीचेच सूत्र लावून मोकळे होणारे परीक्षार्थी मी पाहिले आहेत.