रिमॅप काढून टाकला की झालं?

आज सर्व्हिस सेंटरमध्ये एक जण काउंटरवर हात आपटून ओरडत होता. "दोन वर्षांत टर्बो जातो? भंगार विकता लोकांना!" समोरचा पोरगेला अ‍ॅडव्हायजर मान खाली घालून ऐकत होता. बाहेर त्या माणसाची गाडी उभी. अवाढव्य टायर, उचललेलं सस्पेन्शन, इंजिनाला हवा देणारा इनटेक बदललेला. माझ्या पोटात कालवलं. सहा वर्षांपूर्वी अशाच एका काउंटरवर मी असाच ओरडलो होतो.

माझी डिझेल गाडी मी रिमॅप करून घेतली होती, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवून घेतली होती. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. त्याचा दाब, म्हणजे बूस्ट वाढला, चाकं फिरवायचा जोर, म्हणजे टॉर्क वाढला, चार महिने मी हवेत. मग चढावर क्लच घसरायला लागला. इंजिन बोंबलतंय, गाडी जागची हलेना. क्लच मूळ टॉर्कच्या हिशोबानं बनवलेला, तो बिचारा किती धरणार? प्लेट बदलली आणि पुन्हा तसाच पिळत राहिलो. तापलेली गाडी थांबवली की लगेच चावी बंद. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, तेही तेलाच्या पातळ थरावर. इंजिन बंद केलं की तेल थांबतं आणि तापलेल्या बेअरिंगमध्ये जळून त्याचा कार्बन होतो. बंद करण्याआधी मिनिटभर आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू ठेवायला काय जात होतं माझं? मॅन्युअल तर मी उघडलंही नव्हतं.

टर्बो गेला. रिमॅप कळू नये म्हणून मी आधी तो करून देणाऱ्या ट्यूनरकडे जाऊन कंपनीचा मूळ मॅप परत टाकून घेतला आणि मगच सर्व्हिसला गेलो. तिथल्या वयस्कर मेकॅनिकनं एकच विचारलं, "साहेब, हिला बाहेर कुठे हात लावलाय का?" म्हटलं, नाही. वर त्यालाच चार शब्द सुनावले. टर्बो वॉरंटीत मिळाला. ती चोरी होती, मित्रांनो. दुसरा शब्द नाही त्याला.

कंपन्या धुतल्या तांदळासारख्या नाहीत, मान्य. ताकाता या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅगपायी जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. खरा दोष असेल तिथे भांडा, मी सोबत येतो. पण मोठे टायर तुम्ही लावायचे, ज्यानं बेअरिंग आणि अ‍ॅक्सलवर ताण येतो, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, ब्रेक मात्र तेच जुने, आणि मग गाडी थांबत नाही म्हणून शिव्या कंपनीला? वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला साधारण चौपट अंतर लागतं, हे शाळेत शिकलोय आपण सगळे. वायरी कापून जास्त वॅटचे बल्ब लावता, समोरून येणाऱ्याला काही दिसत नाही. गाडी तुमची असेल. रस्ता तुमच्या एकट्याचा आहे का?

असो. आवाज चढवायचा हक्क मला नाही.

कारण पुढे ती गाडी मी विकली. घेणाऱ्याला सांगितलं, "एकदम जपून वापरलीय." आठ महिन्यांनी रात्री त्याचा फोन. काळा धूर, गाडी ओढत नाही, मागे मुलं झोपलेली. चिडला नव्हता तो. इतकंच विचारलं, "तुमच्याकडे असताना कधी असं झालं होतं का हो?"

मी परत नाही म्हटलं.

आज घरी येऊन त्याचा नंबर शोधला. अजून सेव्ह आहे. उद्या सकाळी फोन करणार आहे. रिमॅप, क्लच, टर्बो, सगळं सांगणार. त्यानं उचलला तर.