दशा आणि दुर्दशा

गुडघा फाटलाय पण कंबर अजून होतेय, असा योग माझ्या जीन्सच्या बाबतीत फार दुर्मिळ. एरवी पँट धडधाकट असते आणि बटण काजाला भेटायला तयार नसतं. त्यामुळे ही जीन्स बोहारणीच्या हवाली करायला जीव होईना. रविवारी चहाच्या वेळी मी जाहीर केलं, "हिची शॉर्ट्स करतो."

"म्हणजे चड्डी," आई म्हणाली.

"चड्डी नाही गं, शॉर्ट्स!"

"गुडघ्याच्या वर ना? मग चड्डी."

मी जरा वजन वाढवायला गेलो. म्हटलं, डंगरी म्हणतात ना, त्या जाड्याभरड्या कापडाचं नाव इंग्रजांनी आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून उचललंय. "मग डोंगरीला जाऊन घाल," आई म्हणाली आणि कप विसळायला गेली.

पहिला पेच कात्रीचा. स्वयंपाकघरातली कात्री दुधाच्या पिशव्यांपुरती. तिने डेनिम नुसतं चघळलं. लेकीची कात्री गोल टोकाची. उरली आईची कापडाची कात्री. ती शिवणयंत्राच्या खणात फडक्यात गुंडाळून असते आणि तिने कागद कापणं हा आमच्याकडे दखलपात्र गुन्हा आहे. चौथीत मी तिने पतंगाचा कागद कापला होता, तो विषय अजून निघतो. आईने कात्री दिली, पण कात्रीसोबत स्वतःही आली.

आरशासमोर उभं राहून मी गुडघ्याच्या चार बोटं वर साबणाच्या चिपटीने खूण केली. "बसून बघितलंस का?" आईने विचारलं. बसून कशाला बघायचं? (बसलं की तेच माप आणखी चार बोटं वर सरकतं, म्हणून.)

पहिला पाय मांडीच्या आतल्या शिवणीपर्यंत लोण्यासारखा कापला गेला. तिथे मात्र कापड दुमडून दुमडून जाड झालेलं असतं, वर दुहेरी टाके. कात्री अडली. मी दोन्ही हातांनी जोर लावला, तशी ती कट्कन सुटली आणि वाट फुटेल तिकडे गेली. दुसरा पाय कापून शेजारी धरला, तर डावा बोटभर लांब. डावा कापला. आता उजवा लांब. दोन मांजरं, माकड आणि लोण्याचा गोळा ही गोष्ट मी आजवर मांजरांच्या बाजूने ऐकत आलो होतो. माकडाला खरोखरच समान वाटे करायचे असतील, हे त्या दिवशी पटलं. साडेअकराला ती बर्म्युडा होती, पावणेबाराला हाफ पँट, आणि बारा वाजता आईचं म्हणणं खरं ठरलं.

"कडेच्या वर एक शिलाई मारून ठेव, तिथवरच उसवेल," आईने सांगितलं. लेक म्हणाली, "बाबा, अजिबात शिवू नकोस. दशा हीच तर फॅशन आहे." मी फॅशनच्या बाजूने गेलो. डेनिममध्ये उभे धागे निळे असतात, आडवे पांढरे. मशीनमध्ये एक धुणं झालं आणि आडव्यांनी सामूहिक राजीनामा दिला. उभे उरले ते एकमेकांत गुंतून जटा झाले. फिल्टरमधून निळ्या-पांढऱ्या सुताचा जो गोळा निघाला, त्यात चिमणीचा संसार झाला असता.

जटा विंचरून शॉर्ट्स घातली, तर खालून खिशांचे पांढरे अस्तर शेळीच्या कानांसारखे लोंबत होते. उजवा कान तळाशी कापलेला. 1873 साली जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने आणि लेव्ही स्ट्रॉसने पेटंट घेतलं ते या पँटींचे खिसे उसवू नयेत म्हणून ठोकलेल्या तांब्याच्या रिव्हेटांचं. माझ्या खिशाचे रिव्हेट आजही जागच्या जागी आहेत. खिशाला फक्त बूड नाही.

एवढ्यात आईने कापलेल्या पायांना तळाशी एकेक टीप मारली, जुन्या पट्ट्याचे बंद लावले आणि दोन पिशव्या तयार केल्या. वेळ, वीस मिनिटं. त्यातली एक दर बुधवारी मंडईत जाते. परवा तिच्यात पाच किलो बटाटे आले, टाका हलला नाही. शेजारच्या काकूंनी ती कुठे मिळाली म्हणून विचारलं. शॉर्ट्सबद्दल अजून कोणी विचारलेलं नाही.

मी ती घरातच घालतो, बेल वाजली की आत पळतो. फक्त एकदा अंधार पडल्यावर दूध आणायला तसाच खाली उतरलो. दहाचं नाणं सवयीने उजव्या खिशात टाकलं. ते मांडीवरून गार घसरत गेलं, दशांमधून बाहेर पडलं आणि गडगडत वॉचमनच्या खुर्चीखाली जाऊन थांबलं. त्याने वाकून ते उचललं, पुसलं आणि अदबीने पुढे केलं.

"साहेब, तुमच्या चड्डीतून पडलं."