डिकेचचा खिशातला हात आणि तुमचं नवं पिस्तूल

पॅरिस ऑलिंपिक कधीच संपलं, पण तुर्कस्तानच्या युसूफ डिकेचचा तो फोटो मोबाइलवर अजून फिरतोच आहे. अंगात टी-शर्ट, डोळ्यांवर रोजचा चष्मा, डावा हात खिशात, उजव्या हातात पिस्तूल. खालचा मजकूर थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखा असतो: ना खास भिंगं, ना कानावर काही, ना महागडं साहित्य, साधं पिस्तूल घेऊन हा माणूस आला आणि रौप्यपदक घेऊन गेला, नजर पक्की असेल तर बाकी काही लागत नाही.

घरात मुलीने किंवा मुलाने नवं एअर पिस्तूल घेतलं की कोणीतरी हा फोटो पाठवतोच. त्यातून मुलं नेमक्या चुकीच्या गोष्टी उचलतात, म्हणून त्यातलं एकेक विधान तपासून पाहतो.

“साहित्य न वापरता.” त्याच सुमारास आपण कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकताना पाहिलं. त्याच्या अंगात जाडजूड जॅकेट आणि ताठ पँट होती. त्याच्या शेजारी डिकेचचा फोटो ठेवला की डिकेच रिकाम्या हाताने आल्यासारखा वाटतो. पण तसलं जॅकेट रायफलवाले घालतात. पिस्तूल एकाच हाताने धरायचं, मनगटाला कसलाही आधार चालत नाही, बूटही घोट्याचं हाड झाकणारे नकोत. म्हणजे टी-शर्ट हा इथला नेहमीचाच पोशाख. डिकेचने वापरला नाही तो डोळ्यासमोरचा पडदा, म्हणजे ब्लाइंडर, आणि छिद्र लहानमोठं करता येणारं भिंग. या दोन्ही गोष्टी ऐच्छिक आहेत. कान मात्र उघडे नव्हते. फोटो मोठा करून बघा, कानात बोळे दिसतात.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण फोटो पाहून कानातले बोळे काढून ठेवणारी मुलं मी रेंजवर पाहतो. शेजारच्या लेनवर .२२ बोअरची, म्हणजे दारूच्या काडतुसांची बंदूक चालू असेल तर ते कानाला घातक आहे. डोळ्यांचंही तसंच. शिशाची पेलेट, म्हणजे छर्रा, कठीण जागी आदळली की तिचे तुकडे उलट येऊ शकतात. चष्मा लागत नसेल तर संरक्षक चष्मा घाला. यात तडजोड नको.

“साधं पिस्तूल.” त्याच्या हातात स्पर्धेचं एअर पिस्तूल होतं: दाबलेल्या हवेची नळी, हाताच्या आकाराची लाकडी ग्रिप म्हणजे मूठ, हवा तसा बसवता येणारा ट्रिगर, नेम धरण्यासाठी नळीवर पुढेमागे बसवलेल्या, सूक्ष्म फिरकीच्या साइट. जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीशी त्याचं काही नातं नाही. साहित्याला किंमत नसती तर टोकियोत मनू भाकरवर ती वेळ आली नसती. २०२१ मध्ये तिथे पात्रता फेरी चालू असतानाच तिच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली.

“खिशात हात घालून, बेफिकीर.” मोकळा हात लोंबकळत ठेवला की खांदा हलतो, खांद्याबरोबर धड हलतं. म्हणून जगभरचे पिस्तूल नेमबाज तो हात खिशात घालतात किंवा पट्ट्यात अडकवतात. डिकेचच्या शेजारी उभ्या असलेल्या शेव्हाल इलायदा तारहाननेही तेच केलं होतं, आणि तिच्या कानांवर मोठे इअरमफ होते. ती फोटोतून कापली जाते याचं मला फार वाईट वाटतं. पदक १० मीटर एअर पिस्तूल मिश्र सांघिक प्रकारातलं आहे, त्यात निम्मा वाटा तिचा. सुवर्णपदकाच्या लढतीत सर्बियाच्या झोराना अरुनोविच आणि दामिर मिकेच यांनी त्या दोघांना १६-१४ असं हरवलं. याच प्रकारात मनू आणि सरबज्योत सिंग यांनी कांस्य आणलं. वैयक्तिक १० मीटर स्पर्धेत डिकेच तेरावा होता, ते मजकुरात कधी नसतं. दुसरीकडे ब्लाइंडर आणि खास भिंग लावलेल्या दक्षिण कोरियाच्या किम येजीने त्याच ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक रौप्य मिळवलं. साहित्य लावलं काय, न लावलं काय, पदकाचा रंग एकच.

“आला आणि जिंकला.” एक्कावन्न वर्षांचा माणूस, २००८ च्या बीजिंगपासूनचं पाचवं ऑलिंपिक. एवढं पुरे.

आता मुख्य मुद्दा: “नजर पक्की असेल तर.” सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं. नवशिका मग लक्ष्याच्या काळ्या वर्तुळाकडे टक लावून बघतो, दुसरा डोळा गच्च मिटतो आणि हात स्थिर व्हायची वाट पाहत बसतो. एअर पिस्तुलात नजर लक्ष्यावर ठेवायची नसतेच. ती पुढच्या साइटवर हवी. पुढची साइट आणि मागच्या साइटची खाच रेखीव दिसली पाहिजे, लक्ष्य धूसर दिसलं तरी चालतं, किंबहुना तसंच दिसायला हवं.

का, ते मोजून बघा. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं, पेलेट ४.५ मिलिमीटरची, आणि पेलेटची कड वर्तुळाला लागली तरी दहा मिळतात. म्हणजे मध्यापासून ८ मिलिमीटरपर्यंत सरकलेला फटकाही दहातच. हात ७ मिलिमीटर हलला, पण दोन्ही साइट एका रेषेत राहिल्या, तर गुण पूर्ण. आता उलट बाजू. दोन साइटमधलं अंतर साधारण ३४० मिलिमीटर धरा. पुढची साइट खाचेत फक्त १ मिलिमीटर बाजूला गेली तर १० मीटरवर तो फटका जवळजवळ २९ मिलिमीटर सरकतो, म्हणजे थेट सातमध्ये. हात थरथरतो तो माफ होतो, साइट बिघडते ती माफ होत नाही. म्हणून हात अगदी थांबेपर्यंत धरून ठेवणाऱ्याचा शेवट ट्रिगरला झटका देण्यात होतो. डोळा मिटण्याऐवजी त्याच्यासमोर अर्धपारदर्शक पट्टी लावली तर चेहऱ्यावरचा ताण जातो. डिकेच दोन्ही डोळे उघडे ठेवतो, ते जमत असेल तर उत्तमच.

मग नव्या पिस्तुलावर काय करायचं? आधी साइटच्या स्क्रूंना हात लावू नका. पहिल्या दिवशी फटके खाली-डावीकडे गेले की मुलं लगेच स्क्रू फिरवतात, दुसऱ्या दिवशी उलट फिरवतात. उजव्या हाताच्या नवशिक्याचे फटके तिकडे जातात ते बहुधा बोटाने ट्रिगर हिसकल्यामुळे. आधी ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरचा फटक्यांचा पुंजका, घट्ट होऊ द्या. ग्रुप लहान पण मध्यापासून दूर असेल, तेव्हाच साइट हलवायची.

खरं काम ग्रिपवर असतं. डोळे मिटून हात वर न्या, नेहमीच्या उंचीवर थांबा आणि डोळे उघडा. पुढची साइट खाचेच्या मधोमध आहे का? दर वेळी डावीकडेच दिसत असेल तर ती मनगटाने ओढून मध्ये आणू नका. साठ फटक्यांच्या सामन्यात मनगट थकतं आणि साइट मूळ जागी परत जाते. ग्रिपचा कोन बदला, तळव्याला जिथे टोचतं तिथे कानशीने थोडं घासा, जिथे पोकळी राहते तिथे लाकडाची पुट्टी भरा. एका वेळी थोडंच, कारण घासलेलं लाकूड परत येत नाही.

ट्रिगरबद्दलही समज आहे की हलका तितका बरा. १० मीटर एअर पिस्तुलात तो सुटायला किमान ५०० ग्रॅमचा दाब लागला पाहिजे. झाडायला सज्ज केलेलं पिस्तूल नळी वर करून धरायचं आणि ट्रिगरवर ५०० ग्रॅमचं वजन पेलून दाखवायचं. २५ मीटर पिस्तुलात, ज्यात आपल्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण जिंकलं, ही मर्यादा १००० ग्रॅम आहे. ट्रिगर दोन टप्प्यांत दाबला जातो. पहिल्या टप्प्यातच बरंचसं वजन बसवलं की दुसऱ्या टप्प्यात बोटाला थोडंच काम उरतं. हे बसवताना जाणकार शेजारी असू द्या.

आणि रोज ड्राय फायरिंग, म्हणजे पेलेट न भरता ट्रिगर दाबायचा सराव. पेलेट नाही याची दोनदा खात्री करायची, कोऱ्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, कारण लक्ष्यच नसेल तर नजर पळायला जागा राहत नाही. ट्रिगर सुटताना फक्त पुढची साइट बघायची. ती उडाली, कुठल्या बाजूला उडाली, की जागची हलली नाही, हे वहीत लिहायचं. सुटल्यावरही एक-दोन सेकंद हात तसाच ठेवायचा. रेंजवर पेलेट मोजून मिळतात, वेळही मोजूनच. भिंत घरी आहे.