गोधडीला गिऱ्हाईक कुठे भेटतं?

दांडिया बाजारात आमच्या शेजारी राहणाऱ्या सुनेने काल गच्चीत विचारलं, "मावशी, खणाचे बटवे शिवतेय, कुठल्या साइटवर टाकू? कमिशन लागत नाही तिथेच टाकते." हेच मला बडोद्यातल्या आणखी चार-पाच जणींनी विचारलंय, म्हणून इथे लिहिते.

कमिशन बघून बाजार निवडू नका. आपल्या शेजारी कुठला माल मांडलाय ते बघा.

मी गोधड्या शिवते. जुन्या सुती साड्यांचे थर आणि वरून हाताचा धावदोरा. एका गोधडीला वीस-बावीस दिवस जातात. पहिल्या गोधड्या मी एका मोठ्या साइटवर टाकल्या, कमिशन नावापुरतं होतं. तिथे माझ्या साडेचार हजारांच्या गोधडीला लागून मशीनची छापील रजई, 499 रुपये! चार महिन्यांत एकच गेली आणि तीही परत आली. कोपऱ्यावर हळदीचा डाग, घडीला अत्तराचा वास. कारण दिलं होतं, 'रंग फोटोसारखा नाही'. जाण्या-येण्याचं कुरियर माझ्याच पैशातून कापलं. त्या रात्री जेवण गेलं नाही. डाग निघाला, पण ती गोधडी मी पुन्हा विकायला काढली नाही.

एट्सी, म्हणजे हाताने केलेल्या वस्तूंची अमेरिकन साइट, महाग आहे. वस्तू मांडायला चार महिन्यांचे 20 सेंट, विक्रीवर 6.5 टक्के, आणि हे टक्के पाठवणीच्या खर्चावरही लागतात. 6000 ची गोधडी, 2500 पाठवणी, म्हणजे साडेपाचशे रुपये तिथेच गेले. पेमेंटचं शुल्क वेगळं. तरी मी तिथेच आहे, कारण तिथली बाई हाताचं काम शोधत येते. एकीने विचारलं, "दोन टाक्यांत अंतर किती?" मी पट्टी ठेवून फोटो पाठवला. मात्र ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलची आयात करमाफी काढलीय, तेव्हा तिकडची ड्युटी कोण भरणार ते आधी ठरवून घ्या.

देशातल्या विक्रीत आपल्याला अडवतो तो जीएसटी. 1 ऑक्टोबर 2023 पासून उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर नोंदणीशिवायही साइटवर माल विकता येतो, पण फक्त आपल्या राज्यात. म्हणजे सुरतेला चालेल, पुण्याला नाही. आणि आपलं निम्मं गिऱ्हाईक पुण्या-ठाण्यातच! मी नंबर काढून घेतला.

आणि खोकं मोजा. कुरियरवाले बहुतेक वेळा लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात आणि येईल तो आकडा किलोंत वजन म्हणून धरतात. माझी दीड किलोची गोधडी 40 × 35 × 20 च्या खोक्यात 5.6 किलोची झाली होती. आता घट्ट गुंडाळून पिशवीत भरते.

बटव्याला ही चिंता नाही. शेजारच्या सुनेला म्हटलं, उद्या सकाळी दोन बटवे घेऊन ये, आमच्या पूर्वेच्या खिडकीत ऊन चांगलं येतं, खणाचे काठ फोटोत नीट दिसतील.