भाचीच्या दहा चौकटी

माझ्या ताईच्या घरी लोखंडी कपाटात, दागिन्यांच्या खालच्या खणात, एक फाइल आहे. अवनीला बालवाडीपासून मिळालेली सगळी प्रमाणपत्रं तिच्यात लॅमिनेट करून लावलेली आहेत. पहिलंच वेशभूषा स्पर्धेचं. इंदूरची मुलगी वेशभूषेत काय होते हे वेगळं सांगायला नको. पांढरं लुगडं, तळहातावर पिंड. त्या दिवशी स्टेजवर ओळीने अहिल्याबाईच उभ्या होत्या आणि त्यांत अवनी तिसरी आली.

यंदा तिला अमेरिकेतल्या कॉलेजांत अर्ज करायचाय. ‘मामाचं इंग्रजी चांगलं’ या खानदानी अफवेमुळे फॉर्म माझ्या गळ्यात पडला.

या फॉर्मला कॉमन ॲप म्हणतात. एकच भरायचा आणि हव्या त्या कॉलेजांना पाठवायचा. त्यात अभ्यासाबाहेरच्या उद्योगांसाठी दहा चौकटी असतात आणि वर्णनाला प्रत्येकी १५० अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून. विचारतात फक्त नववीपासून पुढचं. प्रमाणपत्रं जोडायला त्या चौकटींत जागाच नाही. हे ऐकून ताई मटकन खाली बसली.

“मग लॅमिनेशन कशाला केलं रे?”

भाऊजींना मुळात हा प्रकारच पटत नव्हता. “आपलं सिमरोलचं आयआयटी विचारतं का, पेटी वाजवता का म्हणून?” नाही विचारत. तिथे जेईई ॲडव्हान्स्डची रँक बोलते. मद्रास आयआयटीने २०२४ पासून खेळाडूंसाठी प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन जादा जागा ठेवल्या खऱ्या, पण त्यांनाही आधी जेईई ॲडव्हान्स्डच्या यादीत यावंच लागतं. हार्वर्डचं तसं नाही. त्यांच्यावर एक मोठा खटला झाला, २०२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात निकाल लागला. त्यात बाहेर आलं की अर्जदाराला अभ्यासाचा, इतर उद्योगांचा, खेळाचा आणि स्वभावाचा वेगवेगळा शेरा मिळतो, आणि त्यात १ सगळ्यात चांगला. नुसती पेटी वाजवून कोणी तिथे पोचत नाही. पण मार्क सगळ्यांचेच उत्तम असले की निवड कशावरून करायची? मग पेटी निघते. स्वभावालाही शेरा असतो म्हटल्यावर भाऊजींनी ताईकडे पाहिलं, पण बोलले काही नाहीत.

पलासियाला एक काउन्सेलर बाई आहेत. (फी सांगत नाही, ताईच्या सासूबाई हा लेख वाचतील.) त्या म्हणाल्या, “एनजीओ काढा.” कशाची? “स्वच्छतेची.” २०१७ पासून सलग सात वर्षं देशात पहिलं आलेल्या शहरात! इथे कचरा कमी आणि तो उचलणाऱ्या बारावीतल्या संस्थापक-अध्यक्षांची संख्या जास्त. आम्ही नाही म्हटल्यावर बाईंनी असलेलंच घासूनपुसून दिलं. गणपतीत राजेंद्रनगरला अवनी आरतीनंतर खिरापत वाटते, ती ‘सामुदायिक अन्नवितरण प्रमुख’ झाली.

पुढे तासांचा घोळ. आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे, हेही लिहायचं असतं. ताई सढळ हाताने सांगत गेली. कथक, पेटी, पोहणं, अन्नवितरण. त्यात शाळा, कोचिंग आणि झोप मिळवून मी बेरीज केली. आठवड्यात तास असतात १६८. अवनीचे त्याहून जास्त भरले.

“मग झोप कमी कर,” ताई म्हणाली.

एवढं होऊनही चौकटी उरल्याच होत्या. शेवटी अवनीनेच प्रकारांची यादी उघडली. वादविवाद, नृत्य, खेळ वगैरेंच्या गर्दीत ‘काम’ आणि ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ असेही दोन प्रकार होते.

“मामा, दुकान लिहू?”

भाऊजींचं भंवरकुआँला झेरॉक्सचं दुकान आहे. आजूबाजूला सगळे कोचिंग क्लास, त्यामुळे गिऱ्हाईक अखंड आणि उधारीही अखंड. नववीपासून अवनी संध्याकाळी तिथे बसते. उधारीची वही तिने कॉम्प्युटरवर नेली, आणि पैसे थकले की पोरांना आपोआप मेसेज जाईल अशी सोय केली. वसुली एवढी वाढली की भाऊजींनी दुसरं मशीन घेतलं. हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही, कारण याचं प्रमाणपत्र मिळत नाही.

ताई उसळलीच. “पोरगी दुकानावर बसते हे अमेरिकेला कळवायचं?”

“पगार देत नाही मी तिला, तेवढं स्पष्ट लिहा,” भाऊजी घाईघाईने म्हणाले. त्यांना टॅक्सची काळजी.

मी लिहायला बसलो आणि पहिल्यांदाच १५० अक्षरं कमी पडली. काउन्सेलर बाईंना मजकूर पाठवला. दोन दिवस त्या गप्प होत्या. मग भाऊजींनाच फोन आला. कॉलेजांना असलं खरं काम फार आवडतं म्हणे, तर त्यांच्या दोन विद्यार्थ्यांना दुकानात इंटर्नशिप मिळेल का?

भाऊजींनी गल्ल्यावरची नजर न हलवता सांगितलं, “भेज दो मैडम. पर मशीन को हाथ नी लगाने देंगे. और चाय का पैसा उनका.”