वजनाचे इंजेक्शन, बद्धकोष्ठ आणि रोजचे एरंडेल

खानदेशातल्या कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. तो म्हणतो, वजन कमी करणाऱ्या साप्ताहिक इंजेक्शनाने वितळलेली चरबी आतड्यात साचते आणि म्हणून बद्धकोष्ठ होते. हे बद्धकोष्ठ म्हणजे औषध लागू पडल्याचे लक्षण आहे. ही चरबी काढून टाकण्यासाठी रोज रात्री दोन मोठे चमचे एरंडेल घ्यावे. केळी सोडावीत आणि इंजेक्शन पोटाऐवजी मांडीत टोचावे, असे त्यात म्हटले आहे. भुसावळच्या माझ्या थोरल्या वहिनी सेमाग्लुटाइड हे असेच साप्ताहिक इंजेक्शन घेतात आणि रक्तदाबासाठी त्यांना लघवी वाढवणारी गोळीही चालू आहे. ऐन मे महिन्यात त्यांनी हा सल्ला पाळला आणि चक्कर येऊन त्या न्हाणीघरात पडल्या. आता गप्प बसणे मला शक्य नाही.

चरबी आतड्यात उतरते, हे विधान मुळातच खोटे आहे. चरबीचे ज्वलन झाल्यावर तिचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते; १० किलो चरबीपैकी ८.४ किलो श्वासावाटे बाहेर पडते, असा हिशेब २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला गेला आहे. बद्धकोष्ठाचे कारण वेगळे आहे. हे औषध जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते आणि भूक मारते. जिथे दोन भाकरी जात तिथे अर्धीच जाते, भाजी ताटात तशीच राहते, पाणीही कमी पोटात जाते आणि मळाला ना चोथा मिळतो ना ओलावा.

बद्धकोष्ठ ही यशाची खूण आहे, हेही खरे नाही. सेमाग्लुटाइडच्या ‘स्टेप’ नावाच्या वैद्यकीय चाचण्यांपैकी पहिल्या तिन्हींचे एकत्रित विश्लेषण २०२२ साली प्रसिद्ध झाले. त्यात औषध घेणाऱ्या सुमारे २४ टक्के लोकांना बद्धकोष्ठ झाले, तर तुलनेसाठी औषध नसलेले इंजेक्शन दिलेल्यांपैकी ११ टक्क्यांना. पोटाचे त्रास झालेल्यांचे आणि न झालेल्यांचे वजन जवळपास सारखेच उतरले. औषधामुळे शरीराच्या वजनात जितके टक्के जादा घट झाली, त्यांपैकी एका टक्क्याएवढीही घट या त्रासांमुळे नव्हती. त्याच विश्लेषणात बद्धकोष्ठाचा मध्यक कालावधी, म्हणजे निम्म्यांचा त्रास ज्याहून जास्त टिकला तो, ४७ दिवस निघाला. इतका काळ चालणारा त्रास शुभशकुन समजून अंगावर काढण्यात काहीच अर्थ नाही.

सर्वांत घातक आहे ते एरंडेल. आमच्या आज्या ते देत असत हे मान्य. पण ते कधीमधी, एखाद्या वेळी, रोज रात्री नव्हे. एरंडेल आतड्याला जोराने आकुंचन पावायला लावते, त्यामुळे पोटात मुरडा येतो आणि जुलाबावाटे पाणी व क्षार निघून जातात. या औषधाच्या माहितीपत्रकातच उलट्या-जुलाबांमुळे शरीरातले पाणी घटून मूत्रपिंडाला इजा होण्याचा इशारा दिलेला आहे. मुळात कमी पाणी पिणारा माणूस, वर लघवी वाढवणारी गोळी आणि जळगाव-भुसावळचा उन्हाळा, यांत रोजचे जुलाब घालणे हा थेट धोका आहे.

अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०२३ साली दीर्घकालीन बद्धकोष्ठासाठी संयुक्त मार्गदर्शिका काढली. तिने पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या पावडरीची ठाम शिफारस केली आहे. ती आतड्यात पाणी धरून ठेवते. इसबगोलही चालते, मात्र भरपूर पाण्याबरोबर आणि थोड्या प्रमाणापासून सुरुवात करून, कारण कोरडे घेतल्यास ते घशात फुगून अडकू शकते. यातले काहीही डॉक्टरांना विचारून घ्यावे.

केळ्याबाबत संदेशात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने कबूल करतो. कच्च्या केळ्याने काहींचा मळ घट्ट होतो. पिकलेल्या केळ्यावर बंदी घालायचे मात्र कारण नाही. मांडीचा मुद्दा तर निरर्थक आहे. पोट, मांडी, दंड यांपैकी कुठेही टोचले तरी औषध रक्तातच जाते.

डोस साधारण दर चार आठवड्यांनी वाढवला जातो. त्रास होत असेल तर तो त्याच पायरीवर आणखी काही काळ ठेवता येतो, पण हा निर्णय औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांचा आहे. पोट फुगले, उलट्या सुरू झाल्या आणि वाराही सरेनासा झाला, तर आतडे अडल्याची शक्यता असते. अशा वेळी कोणतेही रेचक न घेता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.