प्रीमियम वाढवलात, मग का वाढवला ते सांगा!

घराच्या विम्याचं रिन्युअलचं पत्र वाचलं आणि डोकं फिरलं. घर तेच, छप्पर तेच, दारांची कुलपंही तीच. वर्षभरात एक क्लेम नाही, त्याआधीही कधी केलेला नाही. तरी प्रीमियम चांगलाच चढलाय. आणि कारण काय दिलंय? "वाढता खर्च आणि बाजारातील परिस्थिती लक्षात घेऊन." संपलं. एवढ्या एका वाक्यावर मी पैसे भरायचे. फोन केला तर पलीकडच्या मुलीच्या स्क्रीनवरही तोच एक आकडा, त्यापलीकडे तिला काहीच दिसत नाही. तिच्यावर माझा राग नाही. ज्यांच्याकडे त्या आकड्याची पूर्ण फोड आहे आणि तरी जे ती दाखवत नाहीत, त्यांच्यावर आहे.

कारण फोड असतेच. प्रीमियम कुणी अंदाजपंचे ठरवत नाही. त्या भागात पूर-वादळाचा धोका किती, चोऱ्या किती होतात, बांधकाम विटांचं की लाकडाचं, छप्पर किती वर्षांचं, वायरिंग आणि पाइप कधीचे, या सगळ्याला त्यांच्या हिशोबात वजन असतं. शहराच्या कडेच्या वस्तीतल्या स्वतंत्र घराला तर जास्तच प्रश्न. चारही बाजूंनी उघडं, माणसं कामावर गेली की दिवसभर बंद, बंब यायला वेळ लागणार, झाडाची मुळं ड्रेनेजच्या पाइपात शिरणार, शिवाय कुंपण आणि मागची शेड आहेच. अमेरिकेत अग्निशमनाची सोय कशी आहे यावरून वस्त्यांना १ ते १० अशी श्रेणी देतात, आणि तिचा प्रीमियमवर परिणाम होतो. हे मला पटतं. आग विझवायला उशीर लागणार असेल तर नुकसान जास्त होणार, सरळ आहे. पण तिथल्या बहुतेक राज्यांत घराचा विमा देताना मालकाची कर्जफेडीची पत सुद्धा बघतात! कॅलिफोर्नियात ते चालत नाही, बाकी बऱ्याच ठिकाणी चालतं. कर्जाचा हप्ता कधीतरी उशिरा गेला म्हणून छप्पर वादळात जास्त उडतं का? असल्या गोष्टी आकड्यात मिसळता, तर निदान सांगून तरी मिसळा.

पुनर्विम्याचं तर ग्राहकासमोर कुणी नावही काढत नाही. विमा कंपन्या स्वतःही विमा उतरवतात, कारण एकाच वादळात हजारो घरं पडली तर एकट्या कंपनीचा निभाव लागत नाही. १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळ फ्लोरिडावर आदळलं आणि कितीतरी विमा कंपन्या बुडाल्या. संकटाचा अंदाज बांधणारी कॉम्प्युटर मॉडेल्स त्यानंतरच सर्रास वापरात आली. पुनर्विम्याचे बरेचसे करार दरवर्षी १ जानेवारीला नव्याने होतात. तिथे दर चढले की तो बोजा खाली सरकत सरकत माझ्या पत्रापर्यंत येतो, मग माझ्या गल्लीत वर्षभर पानही हललेलं नसो. यालाही माझी ना नाही. नुकसान सगळ्यांनी वाटून घ्यायचं, विमा असतो तो त्यासाठीच. पण मग लिहा ना पत्रात, की वाढीतला एवढा भाग पुनर्विम्याचा, एवढा मजुरी आणि सिमेंट-लोखंड महागल्याचा, एवढा तुमच्या भागातल्या क्लेमचा, एवढं एजंटचं कमिशन आणि एवढा कर. चार-पाच ओळींचं काम आहे. वीजबिलात युनिट, दर आणि आकार वेगवेगळे छापून येतात. इथे मात्र एक रक्कम आणि खाली शेवटची तारीख!

आणि याहून मोठा संताप विमा रकमेचा आहे. फॉर्ममध्ये विचारतात, घर किती रकमेचं? माणूस साहजिकच बाजारभाव लिहितो, ज्या किमतीला घर विकलं जाईल ती. पण त्यात जमिनीची किंमत असते, आणि जमीन जळत नाही. विमा हवा तो घर पुन्हा उभं करण्याच्या खर्चाचा. त्यात पडलेलं बांधकाम पाडून राडारोडा उचलणं आलं, आर्किटेक्टची फी आली, आणि आजच्या नियमांप्रमाणे बांधताना जो जास्तीचा खर्च होतो तोही आला. बाजारभाव लिहिला आणि जमीन महाग असली तर वर्षानुवर्षं फुकट जास्त प्रीमियम भरत राहायचं. उलट बऱ्याच वर्षांपूर्वीचा आकडा तसाच ठेवला तर त्याहून वाईट, कारण बांधकामाचा खर्च तेवढ्या काळात कुठल्या कुठे गेलेला असतो.

त्याहून वाईट का, ते ऐका. बऱ्याच पॉलिसींमध्ये सरासरीचं कलम असतं. समजा घर पुन्हा बांधायला १०० लागतात आणि तुमचा विमा आहे ६० चा. स्वयंपाकघराला आग लागून २० चं नुकसान झालं. कुणालाही वाटेल, विमा ६० चा आहे, २० सहज मिळतील. मिळतात १२. कारण तुम्ही घराच्या ६० टक्क्यांचाच विमा घेतलात, म्हणून प्रत्येक नुकसानाचेही ६० टक्केच! त्यातून डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपल्याच खिशातून भरायची ठरलेली रक्कम, वजा होते ती वेगळीच. हे घरमालकाला कळतं केव्हा? भिंती काळ्या झाल्यावर, सर्व्हेअर टेप घेऊन खोल्या मोजायला लागल्यावर. पैसे घेताना दरवर्षी मुकाट्याने घेतले. तेव्हा कुणी म्हणालं नाही की बाबा, तुमची रक्कम कमी पडतेय. मोजायची सोय तेव्हाही होती. क्षेत्रफळ आणि बांधकामाचा प्रकार त्यांच्याकडे नोंदलेला होता, गुणाकार करायला किती वेळ लागतो?

आणि हे बदलता येत नाही असं कुणी सांगू नये. भारतात १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची घरांसाठीची प्रमाणित पॉलिसी आली, तिच्यात हे सरासरीचं कलम लावतच नाहीत. विमा रकमेच्या मर्यादेत जेवढं नुकसान तेवढी भरपाई. शिवाय विमा रक्कम दरवर्षी आपोआप १० टक्क्यांनी वाढते. म्हणजे करायचं ठरवलं की होतं.

घरातल्या सामानाचीही तीच रड. एक ठोकळ रक्कम मागतात. पडद्यांपासून भांड्यांपर्यंत, कपाटातल्या कपड्यांपर्यंत सगळं नव्याने घ्यायला किती लागेल, हे कुणाच्या तोंडपाठ असतं? खोलीखोलीत जाऊन यादी केली, फोटो काढले, बिलं जपली, तरी आत वेगळी मर्यादा लपलेली असतेच. एका वस्तूला अमुकच, दागिन्यांना अमुकच, घराबाहेर नेलेला लॅपटॉप असेल तर जादा कव्हर घ्या. शिवाय 'जुन्याच्या बदल्यात नवी वस्तू' की घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, कापून भरपाई, यावर सगळं अवलंबून. घसारा लावला तर जुन्या फ्रिजचे जे पैसे हातात पडतील त्यात नव्या फ्रिजचं दारही येणार नाही. स्वस्त पॉलिसी बऱ्याचदा याच जागी स्वस्त झालेली असते, आणि तुलना करणाऱ्या साइटवर सगळ्यात ठळक दिसतो तो प्रीमियम.

डिडक्टिबल वाढवा, प्रीमियम कमी होईल, हा सल्ला तर सगळे देतात. खरा आहे तो. पण काही पॉलिसींत सक्तीची वेगळी आणि तुम्ही घेतलेली वेगळी असते, आणि दोन्हींची बेरीज तुमच्या खिशातून जाते. अमेरिकेत किनाऱ्याकडच्या भागांत चक्रीवादळाची डिडक्टिबल टक्क्यांत असते, तीही नुकसानाच्या नाही, विमा रकमेच्या टक्क्यांत! छपराचा एक कोपरा उडाला तर अख्खा खर्च मालकाचाच निघू शकतो.

पाण्याबद्दल तर बोलूच नये. पाइप अचानक फुटला तर चालतं. तोच पाइप भिंतीत हळूहळू झिरपत होता तर ती देखभालीतली हयगय. पाऊस छपरातून आला तर वादळ, जमिनीवरून आत आला तर पूर, गटारातून उलटा आला तर वेगळं कव्हर. घरात उभ्या माणसाच्या घोट्यापर्यंतचं पाणी तेच असतं हो.

आणि इमानदार ग्राहकाचं काय करतात? नव्याला स्वस्त, जुन्याला दरवर्षी थोडं थोडं महाग, कारण जुना हलत नाही हे त्यांना माहीत असतं. ब्रिटनमध्ये वित्तीय नियामकाने १ जानेवारी २०२२ पासून हे बंद केलं. घर आणि गाडीच्या विम्यात जुन्या ग्राहकाला रिन्युअलला तशाच नव्या ग्राहकापेक्षा जास्त दर लावायचा नाही, असा नियम केला. बाकी बऱ्याच ठिकाणी अजून ज्याने त्याने दरवर्षी फोन करून, भांडून, सोडून जाण्याची धमकी देऊन दर कमी करून घ्यायचा. ज्यांना भांडता येत नाही, जे म्हातारे आहेत, एकटे आहेत, ते भरत राहतात. याची मला खरोखर चीड येते.

मी कंपनीला लेखी कळवलंय. वाढीची फोड द्या, माझ्या घराच्या पुनर्बांधणीचा तुमचा अंदाज द्या, आणि आज याच घरासाठी नवा ग्राहक आला तर त्याला काय दर द्याल तेही द्या. उत्तर म्हणून पुन्हा तेच पत्र आलं, शेवटची तारीख ठळक करून. घर कर्जावर आहे आणि विमा तुटू द्यायचा नाही ही बँकेची अट आहे. त्यांना ते पक्कं ठाऊक आहे.